चाळीस सेकंदांचे ऊन

२०२१ च्या गणपतीत, आरतीपूर्वी आरशासमोर उभी राहून कालची टिकली काढून नवी लावत असताना, टिकलीखालची कातडी आजूबाजूच्या कपाळापेक्षा फिकी असल्याचे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले. टिकलीचा डिंक राहिला असेल म्हणून मी ती जागा ओल्या फडक्याने पुसली. पण तो डिंक नव्हता. दिवाळीपर्यंत तो ठिपका हरभऱ्याच्या डाळीएवढा होता, संक्रांतीपर्यंत रुपयाएवढा झाला, आणि दरम्यान उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी व दोन्ही हातांच्या पेरांवर तसेच ठिपके उमटले. घरात आईने तो शब्द उच्चारला नाही, बाबांनीही नाही. शेजारच्या काकूंनी मात्र जिन्यातच विचारले, "कोड तर नाही ना गं?"

मी वडोदऱ्यात एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. आमच्या कामात चेहऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण हातांकडे प्रत्येकाची नजर असते, कारण नोटा त्या हातांतून जात असतात. त्या हिवाळ्यात एका वयस्कर ग्राहकाने पैसे माझ्या हातातून न घेता काउंटरवर ठेवण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात काय आहे हे मला समजले आणि माझ्या मनात काय आहे हेही. कोड संसर्गाने पसरत नाही, त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही, शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून ते होते, एवढे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ओढणीच्या टोकाखालून नोटा पुढे सरकवू लागले.

पहिला उपाय बाबांचा. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले बाबा आजही पहाटे सूर्यनमस्कार घालतात आणि ऊन हे सर्व रोगांवरचे फुकटचे औषध आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या ओळखीच्या एका वैद्यांनी बावचीचे तेल दिले. ते डागांवर लावून सकाळच्या उन्हात बसायचे होते. किती वेळ, असे मी विचारले तेव्हा "सोसेल तितका" असे उत्तर मिळाले. या उपचारात तथ्य नाही असे मी आजही म्हणणार नाही. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते, ते कातडीला उन्हाबाबत कमालीचे हळवे करते, आणि १९४० च्या दशकात कैरो येथे डॉ. एल मोफ्ती यांनी याच जातीचे द्रव्य नाईलकाठच्या एका रानटी वनस्पतीतून घेऊन कोडाच्या रोग्यांवर वापरले, तेव्हापासून आधुनिक वैद्यकानेही ते पुढे कित्येक वर्षे वापरले. तथ्य होते; माप नव्हते.

फेब्रुवारीत गच्चीवर पंधरा मिनिटे बसून काही झाले नाही. मार्चमध्येही फारसे काही झाले नाही, म्हणून भीड चेपली. एप्रिलमधल्या एका रविवारी, सूर्य तोच असला तरी ऊन तेच राहिलेले नाही हे ध्यानात न घेता, मी तेवढाच वेळ बसले. त्या दिवशी फक्त गरम वाटले. दुसऱ्या दिवशी पेरे लाल झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर व बोटांवर पाण्याने भरलेले फोड होते. फोड बरे होण्यास तीन आठवडे लागले, आणि ते बरे झाल्यावर जिथे पूर्वी कातडी चांगली होती अशा दोन ठिकाणीही पांढरे पडले. भाजणे, खरचटणे, घट्ट नाडीने घासणे, अशा कोणत्याही इजेच्या जागी कोड नव्याने उठू शकते हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. बाबा त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी नजर मिळवून बोलत नव्हते. वैद्यांनी मात्र, तेल चांगले लागू पडल्याचीच ही खूण आहे, असा निरोप पाठवला.

जूनमध्ये मी अलकापुरीकडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी खोलीतले दिवे बंद केले आणि हातातला एक लहान जांभळट दिवा माझ्या कपाळावर धरला. आरशात पाहिले तर डाग निळसर पांढरा चमकत होता, आणि मला ठाऊक नसलेला आणखी एक डाग हनुवटीखाली तसाच चमकत होता. दिवे लागल्यावर त्यांचा पहिला प्रश्न रोगाविषयी नव्हता, टिकलीविषयी होता. चिकटणाऱ्या टिकल्यांच्या गोंदात कधीकधी पॅराटर्शरीब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असते आणि ते रंगपेशींना मारक ठरते. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही याच कुळातल्या रसायनांनी पांढरे पट्टे उठतात. माझ्या बाबतीत सुरुवात त्यानेच झाली असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले नाही. पेरांवर मी काही टिकल्या लावत नव्हते. परंतु टिकली त्या दिवसापासून बंद झाली. आईने देवघरातली कुंकवाची डबी काढून दिली.

नंतर त्यांनी उपचार सांगितला तो ऐकून मला हसावे की रडावे हे कळेना, कारण तो पुन्हा उन्हाचाच होता. फरक इतकाच की हे ऊन एका कपाटात होते. माणूस उभा राहील एवढी कॅबिन, आत चारही बाजूंनी उभ्या नळ्या, आणि त्या नळ्यांतून अतिनील किरणांतला फक्त एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, बाहेर पडतो. कोडासाठी या पट्ट्याचा उपयोग होतो हे ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केले आणि सोरालेन घेऊन प्रकाश घेण्याची जुनी पद्धत हळूहळू मागे पडली. त्याआधी गोळी घ्या, दोन तास थांबा, दिवसभर काळा चष्मा लावा, अशी सारी यातायात असे. आता नुसते जाऊन उभे राहायचे. दवाखान्यात येणारे रोगी याला 'लाइट घेणे' म्हणतात. "आज तमारी लाइट छे?" असे तिथली मदतनीस बाई मला विचारी, तेव्हा वीजबिल भरायला आल्यासारखे वाटे.

पहिला डोस दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलीज्यूल, म्हणजे त्या कॅबिनमध्ये मोजून चाळीस सेकंद. डोळ्यांवर घट्ट गॉगल लावायचा, कॅबिनचे दार ओढायचे, पंख्याचा घोंघावणारा आवाज सुरू होतो, गॉगलच्या कडेने निळसर उजेड जाणवतो, आणि अंगाला ऊब लागते न लागते तोच खट्ट करून सारे बंद होते. गच्चीवर पंधरा-पंधरा मिनिटे बसलेल्या मला ते थट्टेसारखे वाटले. परंतु प्रत्येक वेळी मदतनीस बाई एका कार्डावर डोस लिहीत, आधीच्या खेपेनंतर कातडी गुलाबी झाली होती का, किती तास राहिली, हे विचारत, आणि तक्रार नसली तरच पुढचा डोस दहा ते वीस टक्क्यांनी वाढवला जाई. गुलाबी छटा यावी, पण चोवीस तासांच्या आत जावी, एवढ्या अरुंद वाटेवरून तो सारा उपचार चालतो. मंगळवार आणि शुक्रवार, बँक सुटल्यावर. नवरात्रात मी दोन खेपा चुकवल्या तेव्हा डोस पुन्हा मागे नेण्यात आला, आणि गरब्याला गेले नसते तर बरे झाले असते असे वाटून गेले.

कातडी उन्हाने काळी का पडते, हा प्रश्न मी त्यापूर्वी कधी विचारलाच नव्हता. आमच्याकडे ती काळी पडू नये एवढीच काळजी असते. डॉक्टरांनी सांगितले त्याचा मला समजलेला अर्थ असा: अतिनील किरण कातडीच्या जिवंत पेशींतल्या डीएनएला इजा करतात, इजा झालेल्या पेशी रंगपेशींना हाक घालतात, रंगपेशी मेलॅनिन तयार करून शेजारच्या पेशींकडे पोहोचवतात, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात. म्हणजे उन्हाने आलेला काळेपणा हा आरोग्याचा तजेला नसून, इजा झाल्यावर उघडलेली छत्री आहे. कोडाच्या डागात छत्री धरणारेच नाहीत, म्हणून तो डाग भाजतो पण काळा पडत नाही. मग प्रकाशाचा उपयोग काय? तर केसांच्या मुळाशी काही कच्च्या रंगपेशी दडून राहिलेल्या असतात. मोजका प्रकाश त्यांना जागे करून वर आणतो, आणि त्याच वेळी उलटलेल्या संरक्षक पेशींना थोडे शांत करतो. इजा करणारीच गोष्ट इथे औषध म्हणून कामी लावलेली आहे, आणि त्यामुळेच कार्डावरचा प्रत्येक आकडा महत्त्वाचा.

पहिले दोन महिने मात्र सर्वांत वाईट गेले, आणि याची कल्पना मला कोणी पुरेशी दिली नव्हती असे माझे मत आहे. डाग होते तसेच पांढरे राहिले आणि सभोवतालची चांगली कातडी त्या प्रकाशाने काळी पडू लागली. पूर्वी गव्हाळ कपाळावर फिका डाग होता, तो आता तपकिरी कपाळावर खडूने काढल्यासारखा दिसू लागला. आई म्हणाली, "पैसे देऊन काळी होतेयस." बँकेतल्या एका सहकारी बाईंनी उजळपणाच्या क्रीमची ट्यूब आपुलकीने माझ्या खणात ठेवली. डॉक्टरांनी त्यावर डागांभोवतीच्या कातडीला सनस्क्रीन लावून मगच कॅबिनमध्ये जाण्यास सांगितले, त्याने फरक थोडा कमी झाला.

ऑक्टोबरमध्ये, कपाळावरच्या डागाच्या मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढे तीन तपकिरी ठिपके दिसले. मी ते मळाचे समजून घासले. ते गेले नाहीत. प्रत्येक ठिपका एका बारीक केसाच्या मुळाशी होता. डिसेंबरपर्यंत ठिपके एकमेकांना मिळू लागले आणि डाग चाळणीसारखा दिसू लागला. आईला तो आधीपेक्षा विद्रूप वाटे, मला मात्र तसा सुंदर डाग कोणाच्याही कपाळावर पाहिल्याचे आठवत नाही. डोळ्याच्या कोपऱ्याचेही भरून येत होते. पेरांवर पन्नास खेपांनंतर एकही ठिपका नव्हता. बोटांच्या टोकांवर व पेरांवर केसांची मुळे जवळपास नसतातच, त्यामुळे तिथे रंगपेशींचा साठाही नसतो, आणि हात, पाय, ओठ या जागा सर्वांत चिवट ठरतात. मला हवे होते नेमके हातच.

अशा वेळी माझी आतेबहीण इंग्लंडमधून आली. ताई गेली वीस वर्षे लेस्टरला असते आणि तिथे एका सौंदर्यालयात गोऱ्या बायकांच्या अंगावर तपकिरी रंग फवारण्याचे काम करते. भाच्याचे लग्न फेब्रुवारीत होते, पण तिला उत्तरायण चुकवायचे नव्हते, म्हणून ती जानेवारीतच हजर झाली. चौदा तारखेला सारे वडोदरे गच्च्यांवर असताना, मी मात्र टोपी, ओढणी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून टाकीच्या सावलीत बसलेली पाहून तिने कारण विचारले. मी लाइटचे सांगितले. तिच्या हातातली फिरकी थांबली. "अगं, म्हणजे तू सनबेड घेतेस? आम्ही लोकांना त्यापासून सोडवण्यासाठी जीव काढतो, आणि तू पैसे देऊन त्यात उभी राहतेस?"

तिथून जो वाद सुरू झाला तो लग्नापर्यंत चालला. ताईची बाजू कच्ची नव्हती. काळे होण्यासाठी ज्या कॅबिनमध्ये लोक झोपतात वा उभे राहतात, त्यांतल्या किरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००९ साली पहिल्या गटात घातले, म्हणजे तंबाखू ज्या गटात आहे त्याच. त्याच वर्षी ब्राझीलने त्या कॅबिनवर देशभर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांनी २०१५ पर्यंत धंदेवाईक कॅबिन बंद केल्या. इंग्लंडमध्ये २०११ पासून अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना त्यांत प्रवेश देणे हा गुन्हा आहे. तरी ताईकडे येणाऱ्या बायका स्पेनच्या सहलीपूर्वी आधी थोडे काळे होऊन घेतले की मग ऊन बाधत नाही, अशा समजुतीने तिथे जातातच. त्या काळेपणाने मिळणारे संरक्षण तीन-चार एसपीएफइतके (सनस्क्रीनच्या ट्यूबवर संरक्षणाचा जो आकडा असतो तो), म्हणजे नसल्यासारखेच. ड जीवनसत्त्वाचे कारणही पुढे केले जाते, आणि बाबांनीही ते त्या दिवशी पतंगाची गाठ मारता मारता पुढे केले. परंतु ड जीवनसत्त्व अतिनील किरणांतल्या यूव्हीबी या प्रकाराने तयार होते आणि त्या कॅबिनमधल्या नळ्या मुख्यतः यूव्हीए हा दुसरा प्रकार देतात, असे ताईने सांगितल्यावर बाबा गप्प झाले. सूर्याची बाजू त्यांनी सोडली असे मात्र नव्हे.

माझे म्हणणे असे होते की, नळ्या दिसायला सारख्या असल्या तरी गोष्ट सारखी नाही. तिच्या गिऱ्हाइकांची कातडी धडधाकट असते आणि त्यांना फक्त छटा हवी असते. ती छटा मिळवण्यासाठी डीएनएला इजा करून घ्यायची, आणि सहल संपली की छटाही जाणार, हा सौदा मलाही आतबट्ट्याचाच वाटतो. मला छटा नको होती, हरवलेल्या पेशी परत हव्या होत्या, आणि त्यांना परत आणील असे तिच्या फवाऱ्यात काही नाही. तिथे माप दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या मर्जीवर असते, इथे मिलीज्यूलमध्ये. ताई म्हणाली, "माप केलं म्हणून किरण बदलतात होय?" हा प्रश्न मी शुक्रवारी जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. जुन्या, सोरालेनच्या पद्धतीत, दीर्घकाळ उपचार घेतलेल्या गोऱ्या रोग्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले होते. या अरुंद पट्ट्याबाबत तसा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही, परंतु म्हणूनच उपयोग होत नसेल तिथे तो देत राहायचा नाही आणि वर्षातून एकदा सर्व कातडी तपासायची, असे त्या म्हणाल्या. मग माझ्या पेरांकडे पाहून त्यांनी ताईच्या रंगाच्या बाटलीत काय आहे ते विचारले.

बाटलीत डायहायड्रॉक्सिॲसिटोन होते. ही तीन कार्बनची एक साधीशी साखर आहे. १९५० च्या दशकात सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. इव्हा विट्गेनस्टाइन ही साखर एका दुर्मीळ विकाराच्या मुलांना तपासणीसाठी पाजत असत. मुलांच्या तोंडून ती अंगावर सांडली की काही तासांनी तेवढीच कातडी तपकिरी होई, आणि धुतल्याने जात नसे. त्यांनी ती स्वतःच्या हाताला लावून पाहिली, आणि १९६० साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. त्यात जळणे नाही, ऊन नाही. कातडीच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी साखरेची क्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. तव्यावरच्या भाकरीवर वा कढईतल्या खव्यावर जी खरपूस छटा येते तिच्याच जातीची ही क्रिया. जिवंत पेशींशी तिला कर्तव्य नाही, त्यामुळे रंगपेशी असोत वा नसोत, ती डागावरही तशीच होते. हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे मेंदीच की!" इतके नेमके वर्णन मला पुढे कुठे वाचायलाही मिळाले नाही. मेंदीही वरच्या मेलेल्या थरालाच धरते, म्हणून तळव्यावर, जिथे तो थर सर्वांत जाड असतो, तिथे सर्वांत गडद चढते आणि थर झडला की उतरते.

आजीचे वाक्य मी त्याच रात्री मनावर घेतले असते तर पुढचा प्रसंग टळला असता. ताई झोपल्यावर मी तिची बाटली घेऊन न्हाणीघरात गेले आणि दोन्ही हातांना मलमासारखा तो द्राव चोळला. त्या वेळी काहीच दिसले नाही, म्हणून पुन्हा चोळला. सकाळी उठले तेव्हा तळवे हळद आणि काथ एकत्र कालवल्यासारखे झाले होते, पेरांच्या सुरकुत्या काळ्या पडल्या होत्या, नखांच्या कडांना नारिंगी रेघ होती, आणि डाग तपकिरी झाले होते खरे, पण भोवतालची कातडीही तितकीच गडद झाल्याने ते पूर्वीइतकेच उठून दिसत होते. खोलीभर बिस्किट करपल्यासारखा वास होता. साबणाने, लिंबाने, बेसनाने काही होईना. त्या दिवशी काउंटरवर निदान पाच जणांनी, घरी कोणाचे लग्न आहे, असे विचारले.

ताईने मला रागावून घेतले आणि मग शिकवले. सौंदर्यालयात ती जे करते त्याची ही घरगुती आवृत्ती होती. तिथे गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी अंग घासून मेलेली कातडी काढून यायला सांगतात, कोपर, गुडघे, घोटे यांना आधी साधे क्रीम लावतात म्हणजे तिथे रंग कमी धरतो, नाकपुड्यांत बोळे व डोळ्यांवर झापड देतात आणि हवा बाहेर ओढणारा पंखा चालू ठेवतात, कारण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात या द्रव्याला परवानगी दिली ती अंगाला बाहेरून लावण्यापुरती. श्वासावाटे घेण्यासाठी, डोळ्यांसाठी वा ओठांसाठी नव्हे. माझ्या पेरांना फवाऱ्याची गरजच नव्हती. कान साफ करायच्या काडीने फक्त डागावर, कडेपासून केसभर आत, पातळ थर लावायचा. हात आधी नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. एका रात्री एकच थर, छटा कमी वाटली तर दुसऱ्या रात्री दुसरा. आमच्या रंगाला जुळायला गोऱ्या अंगापेक्षा जास्त थर लागतात. पुढचे चार-पाच तास हात पाण्यात घालायचे नाहीत, घाम येऊ द्यायचा नाही. तळव्यावर थेंब पडला तर लगेच पुसायचा.

तळव्यांचा नारिंगी रंग उतरायला आठ दिवस लागले, तोवर आम्ही थांबलो. नंतर तीन रात्री मी काडीने एकेक पेर रंगवले, एखाद्या खातेवहीतली ओळ रेघेबाहेर न जाऊ देता भरावी तशा सावकाशीने. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीशी हात उन्हात धरून पाहिले. छटा किंचित पिवळट होती, माझ्या कातडीत जो लालसरपणा आहे तो तिच्यात नव्हता. पण काउंटरच्या काचेआडून, हातभर अंतरावरून, डाग शोधावा लागत होता. लग्नात मेंदी काढणाऱ्या मुलीने माझे हात हातात घेतले, उलटसुलट केले आणि काही न बोलता कोनाचे टोक पेरावर टेकवले. ताई शेजारी बसून तिला रंगाचा अंदाज विचारत होती.

लाइट आणि बाटली यांची सांगड घालणे तितके सोपे नव्हते, आणि ताईला हे ठाऊक नव्हते. रंगाचा तो तपकिरी थर प्रकाशाचा काही भाग अडवतो. अडवतो इतका की, १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील डॉक्टरांनी सोरायसिस या चट्टे उठणाऱ्या कातडीच्या आजाराच्या रोग्यांना आधी मुद्दाम हा रंग लावून निरोगी कातडी झाकली आणि मग जास्त डोसचा प्रकाश दिला. आजाराचे चट्टे भराभर झडत असल्याने तिथला रंग टिकत नाही आणि प्रकाश नेमका तिथेच पोहोचतो. माझ्या बाबतीत याचा अर्थ उलटा होता. रंगवलेल्या डागाला प्रकाश कमी मिळणार. दुसऱ्या बाजूने, या रंगाने उन्हापासून संरक्षण मिळते असे समजून कोणी सनस्क्रीन सोडले तर तो भाजणार, कारण दुपारच्या उन्हापुढे ते अडवणे नाममात्रच आहे. ताईच्या गिऱ्हाइकांत अशी चूक करणाऱ्या दरवर्षी निघतात. म्हणून चेहऱ्याला मी बाटली कधीच लावली नाही. लग्नातही कपाळावर चाळणीसारखा डाग तसाच घेऊन फिरले, मोठ्या कुंकवाखाली निम्मा झाकून.

हातांचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यात, सत्तराहून अधिक खेपा झाल्यावर घेतला. उपयोग दिसत नसताना तिथे किरण देत राहणे योग्य नाही असे त्यांनी सांगितले, आणि तेव्हापासून कॅबिनमध्ये जाताना मी जाड सुती हातमोजे घालू लागले. चेहऱ्याच्या खेपा आणखी वर्षभर चालल्या. कपाळ आता भरले आहे, केसांच्या रेषेजवळ नखाएवढी कोर सोडून. डोळ्याच्या कोपऱ्याचा डाग मला स्वतःलाच शोधून सापडत नाही. हा रंग धुतल्याने जात नाही, पण कायमचाच राहील असेही कोणी लिहून देत नाही. उपचार थांबल्यावर काहींचे डाग परत येतात, म्हणून दर सहा महिन्यांनी त्या जांभळट दिव्याखाली कपाळ दाखवून येते.

बोटांचा रंग तीन-चार दिवस टिकतो. नोटा मोजताना ओल्या स्पंजाला लागणाऱ्या दोन बोटांवरचा तर दोनच दिवस. त्यामुळे रविवारी आणि बुधवारी रात्री जेवण झाल्यावर मी काडी व बाटली घेऊन बसते, आणि पाण्यात हात घालायचे नसल्याने त्या दोन रात्रींची भांडी बाबा घासतात.